मशीन बिघडली नाही, साहेब

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास एका पोट्ट्याचा फोन आला. "सर, तुम्ही पेपरवाले आहात. एखादा हॉल मिळवून द्या ना. शंभर लोकांचा असला तरी चालेल." चौघांचा बँड आहे. दोघं इंजिनीअरिंगला, एक मेडिकल स्टोअरमध्ये कामाला आणि ड्रमवाला वाडीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये बिल्ट्या बनवतो. वाजवतात डेथ मेटल. म्हणजे रॉकमधला सगळ्यात जड आणि कर्कश प्रकार, ज्यात गायक गात नाही, घशातून गुरगुरतो. एका हॉलच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेले होते. तिथल्या साहेबांनी मोबाईलवर अर्धा मिनिट ऐकलं आणि विचारलं, "हे गाणं आहे का मशीन बिघडली?" अर्ज परत.

मी आधी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागेना. कारण हाच प्रश्न १९९७ साली मला घरी विचारला गेला होता. विचारणारे माझे बाबा. ते एम्प्रेस मिलमध्ये होते, लूमवर. मी टेपरेकॉर्डर लावून बसलेलो. ते ड्युटीवरून आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "लूम बिघडला का बे?" मग चप्पल काढता काढता थोडं ऐकलं आणि म्हणाले, "नाही, बरोबर चालू आहे." आत गेले. लूमच्या खडखडाटाने त्यांचा एक कान कामातून गेला होता, तरी त्या आवाजात ठेका आहे हे त्यांना कळलं. या संगीतावर इतकं नेमकं बोललेलं मी नंतर कोणाकडून ऐकलं नाही, आणि मी इंग्रजी मासिकांतली परीक्षणं भरपूर वाचली आहेत.

आज त्या हॉलवाल्या साहेबांसाठी, आणि तुमच्यापैकी जे 'मोठ्या घरच्या पोरांचं फॅड' म्हणतात त्यांच्यासाठी, जरा लांब लिहितो. चहा घेऊन बसा.

हे संगीत मोठ्या घरांत जन्मलेलं नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं शहर. तिथल्या अॅस्टन भागातला टोनी आयोमी हा १७ वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, कारखान्यातल्या त्याच्या अगदी शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये हात गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हाच हात. डॉक्टरांनी सांगितलं, विसर आता गिटार. कारखान्याच्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. जँगो हा जॅझ वाजवणारा, आगीत हात भाजल्यावर दोन बोटांवर वाजवत राहिलेला. मग आयोमीनं भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांना टोपणं बनवली, त्यावर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं म्हणून बारीक तारा लावल्या, पुढे तारा सैल करून खालच्या पट्टीत लावल्या. सैल तारेचा आवाज जड येतो, घुमतो. हेवी मेटलमधलं 'हेवी' बरंचसं त्या सैल तारांतून आलं.

त्याचा गायक ऑझी ऑस्बर्न. गाण्याआधी खाटीकखान्यात काम केलेला, आणि त्याच्याही आधी एका कारखान्यात गाड्यांचे हॉर्न ट्यून करत बसायचा. दिवसभर हॉर्न! आपल्या सीताबर्डी चौकातला ट्रॅफिक हवालदारसुद्धा आठ तासांनी सुटतो. या चौघांचा ब्लॅक सॅबथ हा बँड, पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० ला आली. पहिल्या गाण्याची सुरुवात तीन सुरांची. सा, वरचा सा आणि मग तीव्र म. बस. यमन शिकलेल्या माणसाला तीव्र मध्यम किती गोड लागतो ते माहीत आहे. इथे तोच सूर नुसता, आजूबाजूला कोणी नसताना, अंधारात उभा केल्यासारखा वाजतो आणि अंगावर काटा येतो.

ऑझी २२ जुलै २०२५ ला गेला. त्याच्या १७ दिवस आधी, ५ जुलैला, अॅस्टनमधल्याच फुटबॉल मैदानावर चौघांनी शेवटचं वाजवलं. उभं राहता येत नव्हतं, खुर्चीत बसून गायला. तो व्हिडिओ मी डेस्कवर बातम्या लावता लावता पाहिला आणि शेजारचा विचारत होता, "दादा, कोणी नातेवाईक का?"

आता आपल्याकडे या.

मुंबईत रॉक बरंच आधी पोचलं होतं. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात येऊन वाजवून गेले, हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. पण ते क्लबचं जग होतं, तिथे आपल्यासारख्यांचा संबंध नाही. माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते १९८६ साली, धोबी तलावच्या रंगभवनात.

रंगभवन हे सेंट झेवियर्स कॉलेजजवळचं सरकारी खुलं नाट्यगृह. १९७८ पासून जॅझ यात्रा तिथेच व्हायची. १९८६ मध्ये फरहाद वाडिया या मिराज बँडच्या माणसानं ऑगस्टात, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केलं. ऑगस्ट म्हणजे मुंबईचा पाऊस, वर छप्पर नाही. काळे टीशर्ट घातलेली पोरं लोकलनं यायची, भिजायची, चिखलात नाचायची आणि घरी जाऊन शिव्या खायची. रॉक मशीन हा बँड तिथे मोठा झाला. त्यात गिटारवर महेश तिनईकर. १९८८ मध्ये त्यांची 'रॉक अँड रोल रेनिगेड' ही स्वतःच्या गाण्यांची रेकॉर्ड आली. तोवर आपल्याकडे बहुतेक बँड दुसऱ्यांची गाणी वाजवत. पुढे १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. त्यांचं रॉक तसं गोड होतं. पण त्यांच्या मागोमाग त्याच स्टेजवर ब्रह्मासारखे खरोखर जड वाजवणारे बँड आले, आणि समोरची पोरं जास्त जड मागायला लागली.

यात लक्षात घ्यायची गोष्ट एकच. जागा सरकारी होती आणि खुली होती. तिकीट विद्यार्थ्याला परवडणारं होतं. आत जायला वय विचारत नव्हते, बूट कोणते घातले ते बघत नव्हते.

दुसरी जागा कागदावरची. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक काढलं. कुठून? मुंबई नाही, दिल्ली नाही. अलाहाबादहून! संगम, कुंभमेळा, हायकोर्ट आणि रॉकचं मासिक. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत असताना आमच्या सरांनी विचारलं होतं, कोणता संपादक व्हावंसं वाटतं? वर्गातल्या सगळ्यांनी टिळक, आगरकर, आचार्य अत्रे सांगितलं. मी अमित सैगल म्हणालो. सरांनी पुढच्याला विचारलं. पण खरं सांगतो, लहान गावात बसून देशभरच्या वाचकांशी बोलता येतं हे मला त्या मासिकानं शिकवलं. त्यांनी पुढे 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सव केला, देशभरातल्या अनोळखी बँडना स्टेज दिलं. जानेवारी २०१२ मध्ये गोव्यात समुद्रात बुडून ते गेले. एकाही मराठी पेपरात मला चार ओळी दिसल्या नाहीत. आमच्याही नाही. मी तेव्हा डेस्कवरच होतो, म्हणजे चूक माझीही.

आणि नागपूर? नागपुरात आमच्याकडे होत्या कॅसेटी.

सीताबर्डीच्या मोदी गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. तिथून कोऱ्या टीडीके नाइन्टी आणायच्या. सदरमधल्या एका मित्राचे काका रेल्वेत होते, त्यांच्या घरी दोन खणांचा डेक. एका खणात मूळ, दुसऱ्यात कोरी. माझी पहिली कॅसेट अजून आहे. एका बाजूला मेटॅलिकाची 'मास्टर ऑफ पपेट्स', दुसऱ्या बाजूला सेपल्चुराची 'केऑस ए.डी.'. नावं बॉलपेननं लिहिलेली, स्पेलिंग चुकलेलं. ती मूळ कॅसेट मुंबईहून कोणीतरी आणलेली, त्याला कोणीतरी दिलेली. नंतर कळलं की जगभर हे असंच चाललं होतं. अमेरिकेत, नॉर्वेत, ब्राझीलमध्ये पोरं एकमेकांना पोस्टानं कॅसेटी पाठवत होती. रेडिओ लावत नाही, कंपनी छापत नाही, म्हणून हातोहात. अंडरग्राउंड म्हणतात ते हेच. जमिनीखाली वगैरे काही नसतं, पाकिटात असतं.

वाजवणारेही होते. कोलकात्याची गिवसन गिटार, जिच्या तारा बोटांपासून दोन मजले वर असायच्या. अॅम्प्लिफायर नाही म्हणून टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात वायर घालायची. आवाज फाटायचा, आणि आम्हाला तो फाटलेलाच पाहिजे होता! ड्रम कोणाकडे नव्हते. चर्चमध्ये एक सेट होता, फादर चांगले होते, पण तिथे आम्ही जे वाजवणार ते त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. बाकी मग इंजिनीअरिंग कॉलेजांची स्नेहसंमेलनं. वर्षात एकदा, अर्धा तास, परीक्षक म्हणून कोणीतरी सुगम संगीतवाले. बँड जमायचा, फायनल इयर संपलं की पुण्याला नोकरी, बँड संपला. २५ वर्षं मी हेच बघतो आहे.

मुंबईत मात्र २००० नंतर वेगळंच घडलं. त्या वर्षी केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, आसपास हॉस्पिटलं. पुढच्या काही वर्षांत तिथले कार्यक्रम बंदच झाले. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. माझी आई मेडिकलला अॅडमिट असताना बाहेर वरातीचा डीजे वाजत होता, तेव्हा मीच पोलिसांना फोन लावला होता. पण खुलं सरकारी स्टेज गेलं आणि त्याच्या बदल्यात दुसरं कुठे द्यायचं हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही, हे चुकलं.

गंमत अशी की मुंबईचं खरं जहाल मेटल याच वर्षांत उभं राहिलं. २००० मध्ये साहिल मखीजानं डेमॉनिक रेझरेक्शन काढला. कोणी कंपनी रेकॉर्ड काढेना म्हणून स्वतःची कंपनी काढली, कार्यक्रम कोणी ठेवेना म्हणून स्वतःच ठेवले. २००३ मध्ये भयानक मौत. (नाव ऐकून आमच्या घरी सगळ्यांना रामसे बंधूंचा पिक्चर वाटला होता.) मग स्क्राइब, ज्यांनी २०१० च्या अल्बमला 'मार्क ऑफ तेजा' नाव दिलं. 'अंदाज अपना अपना' ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. झिग्नेमा, ज्याचा गायक जिमी भोरे. गटस्लिट, ज्याचा बास वाजवणारा पगडीवाला सरदार आता युरोपभर ओळखला जातो. २०१० मध्ये लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकानं डेमॉनिक रेझरेक्शनला पुरस्कार दिला. सॅम डन या कॅनडाच्या माणसानं 'ग्लोबल मेटल' ही डॉक्युमेंटरी केली, २००८ ची, त्यात मुंबई आहे. म्हणजे परदेशी माणूस कॅमेरा घेऊन आला. आपल्या मंत्रालयापासून ते सगळं तासाभराच्या अंतरावर होतं.

पण वाजवायचं कुठे? पबमध्ये. आणि पब कुठे उघडले? बंद पडलेल्या गिरण्यांत. वरळीला बॉम्बे डाइंगच्या आवारात हार्ड रॉक कॅफे, लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, तिथे कारखान्याच्या आवाजातून जन्मलेलं संगीत पोचलं, पण गिरणी कामगाराचा पोरगा दाराबाहेर राहिला. आत दारू मिळते म्हणून कमी वयाच्यांना प्रवेश नाही, आणि वय असेल तर खिशात तेवढे पैसे नाहीत. 'श्रीमंत पोरांचं फॅड' हा आरोप तिथून सुरू झाला. संगीत श्रीमंत नव्हतं हो, दार महाग झालं होतं.

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. आयर्न मेडनच्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सच्या मैदानात. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक, बँडचं बोइंग ७५७ घेऊन आलेला. आम्ही तिघं विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून. मी ऑफिसात आजीला गंभीर केलं होतं. मैदानात भोवती हजारो लोक एकेका गाण्याचे शब्द तोंडपाठ म्हणत होते. १३ वर्षं मी आणि माझे दोन मित्र सोडून हे कोणाला आवडत असेल असं मला वाटलंच नव्हतं. परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत आम्ही तिघंही काही बोललो नाही. घसा बसला होता हे एक कारण.

आता त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. सेपल्चुरा. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराचा बँड. ते शहर ज्या राज्यात आहे त्याचं नाव मिनास जेराइस, आणि त्या नावातच खाणी आहेत. आपल्या आजूबाजूला काय आहे? वेकोलिचा कोळसा, मॉयलचं मँगनीज (दोन्हींची मुख्यालयं नागपुरात), कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या आणि मे महिन्यातलं ऊन. कच्चा माल सारखाच. तिकडे १९८४ मध्ये दोन कावालेरा भावांनी शाळकरी वयात बँड काढला. त्याच शहरात कोगुमेलो नावाचं एक रेकॉर्डचं दुकान होतं. पोरं तिथे पडीक असायची. दुकानदारानं बघितलं की ही पोरं वाजवतात, आणि १९८५ मध्ये दुकानानेच त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. ११ वर्षांनी याच पोरांनी शावांते आदिवासींसोबत बसून 'रूट्स' हा अल्बम केला आणि जगानं ऐकला. म्हणजे फरक हुन्नरीचा नव्हता. एक दुकान होतं, जिथून पोरांना कोणी हाकललं नाही.

आणि भेसूरपणाचं म्हणाल, कवटी, राक्षस, किंकाळ्या, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, तर तान्ह्या पोळ्याला महाल-इतवारीत येऊन बघा. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आपण अक्राळविक्राळ पुतळे काढतो, सगळ्या रोगराईचा आणि भ्रष्टाचाराचा राग त्यांच्यावर ओरडून काढतो आणि शेवटी जाळतो. काळ्या टीशर्टवाल्या पोरांना अल्बमचं कव्हर करायला याहून चांगलं काय मिळणार? आणि मराठीत गुरगुरायला ळ, ढ, ठ, ख आहेत, इंग्रजीत कुठे आहेत? त्या वाडीच्या पोरांची दोन गाणी मराठीत आहेत. एक कोळशाच्या राखेवर आहे. शब्द पहिल्यांदा कळत नाहीत, कागदावर वाचून घ्यावे लागतात. ते तर ख्यालातही होतं.

राहिला हॉलचा प्रश्न. नागपुरात मोठे हॉल आहेत. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये झालं. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह आहे, तिथेच दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, जे १९८६ चं, म्हणजे इंडिपेंडन्स रॉकच्याच वयाचं. खासदार महोत्सवाला ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानात मुंबईचे गायक येतात, हजारो लोक फुकट ऐकतात, मीही जातो. पण ज्याला ऐंशी श्रोते आहेत त्याला दोन हजार खुर्च्यांचा हॉल देऊन उपयोग काय? शंभर-दीडशे माणसांची, साध्या भाड्याची, बंद दाराची खोली पाहिजे. ती या शहरात मला तरी सापडलेली नाही.

आणि 'आवाजाचा कायदा आहे' म्हणून जे अर्ज परत करतात त्यांनी तो कायदा वाचावा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, पण सभागृह, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल अशा बंद जागा त्यातून वगळलेल्या आहेत. आवाज बाहेर मर्यादेबाहेर जाऊ नये, एवढंच. वस्तीत ती मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. उघड्यावर मध्यरात्रीपर्यंत वाजवायला सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सूट देऊ शकतं, सांस्कृतिक किंवा धार्मिक कार्यक्रमांना. ते १५ दिवस दरवर्षी कोणाला मिळतात ते तुम्हाला माहीत आहे. पोरं तर दुपारी चार ते सात मागत होती. दार बंद करून.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आहे. बाबा एकदाच आले होते माझ्यासोबत, सरकत्या जिन्याला घाबरले. आत गाणी चालू होती, हळू आवाजात, कोणालाही त्रास होणार नाही अशी. ते म्हणाले, "इथे आमचं खातं होतं." मी विचारलं कुठे, तर त्यांना नक्की दाखवता येईना.

तर पोरांचं असं ठरलं आहे. ट्रान्सपोर्टच्या मालकानं रविवारी रिकामं गोडाऊन द्यायचं कबूल केलं आहे. मालक स्वतः भजनी मंडळात आहे. म्हणाला, तुमचं ते मला झेपणार नाही, पण पोरगा कामाला चोख आहे, वाजवू द्या त्याला. रविवारी चार वाजता. तिकीट नाही, पेटी ठेवलेली असेल. कूलर दोन आहेत, पाण्याची बाटली आपापली आणा. लहान मुलं आणत असाल तर कानात कापूस घाला, मोठ्यांनीही घातला तर लाज नाही.

नव्वदच्या दशकात नागपुरात ज्यांनी वाजवलं त्यांच्यापैकी कोणाकडे जुनी कॅसेट, कॉलेजच्या गॅदरिंगचा फोटो, रॉक स्ट्रीट जर्नलचे अंक असतील तर कमेंटमध्ये नका टाकू, मला इनबॉक्स करा, मी येऊन स्कॅन करून घेतो. आणि दीडशे माणसांची खोली कोणाच्या पाहण्यात असेल तर तेही सांगा. गोडाऊन वाडी नाक्यापासून आत आहे, मॅपवर नीट दिसत नाही. नाक्यावर आलात की फोन करा, पोरगा मोटरसायकल घेऊन येईल.